तिसरं कडं

ऑपरेशननंतर डोळ्यावरची पट्टी काढून घ्यायला आलेला शिंपी दवाखान्याच्या बाकावर घाम पुसत बसला होता. शेजारी बहीणभाऊ मोबाइलमधल्या गेमच्या चित्रावरून वाद घालत होते.

“ताई, हा पहिल्या भागातलाच बर्फाचा ग्रह आहे.”

“डोंबल तुझं. त्याला तीन कडी होती. इथे दोनच आहेत.”

“रंग तरी बघ.”

“रंगाचं काय घेऊन बसलास? कडी मोज.”

तेवढ्यात पट्टी काढलेले त्यांचे बाबा बाहेर आले.

“आण इकडे. तीन आहेत की. तिसरं केसाएवढं बारीक आहे.”

“बाबा, तुम्हाला दिसतंय?”

“तू दाढी केली नाहीस, तेही दिसतंय.”

“मग बर्फाचाच ग्रह. हरले बाई मी.”

“पुढचे कोण?” नर्सने विचारलं.

“मी,” शिंपी म्हणाला, आणि खिशातली सुईदोऱ्याची पुडी चाचपत उठला.