वीज गेली त्या दिवशीचा शेवट

कुंभकोणमच्या थेटरात तिकिटाला बायकांची वेगळी रांग होती. माझ्यापुढे दोघी मराठीत बोलत होत्या, इथे कोणाला कळणार या भरवशावर.

“वेदवतीअक्का, टीव्हीवरची मालिका संपली तिथूनच सिनेमा सुरू होतो म्हणे.”

“होऊ दे की, महालक्ष्मी.”

“शेवटच्या दिवशी वीज गेलेली. आपण शेवट पाहिलाच नाही. आपल्या शिवकामीच्या सासरी टीव्ही नाही, म्हणून तिला मनानंच सांगितलं, शेवटी तिघी मैत्रिणी शिवणाचं दुकान काढतात.”

“मीच सांगितलं.”

“ते ऐकून तिनं तिरुनीलक्कुडीत खरंच दुकान काढलं. आता ती सिनेमाला येतेय, तिला पडद्यावर भलतंच दिसलं तर?”

“दुकान चालतंय ना?”

“चालतंय. माझी ही चोळी तिनंच शिवली.”

“मग चूक सिनेमावाल्यांची. तीन तिकिटं घे.”