आईचं शेवटचं वाक्य

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. त्यांचे वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आत गेले होते. धाकटी टीव्हीसाठी लिहिते, हे थोरलीच्या पहिल्याच वाक्यात कळलं.

“हे ऑपरेशन तुझ्या मालिकेत घालू नकोस.”

“नाही घालत, ताई.”

“आई गेली तेव्हाही असंच म्हणाली होतीस.”

“चॅनेलला चार दिवसांत एक मरण हवं होतं. मी जवळून पाहिलेलं तेवढं एकच होतं.”

“पण आई जाताना काहीच बोलली नव्हती.”

“काही न बोलता गेलेलं चॅनेलला चालत नाही.”

“म्हणून तिच्या तोंडी ‘तुमच्यामुळे मला कधी एकटं वाटलं नाही’ घातलंस? आई बाबांना असं म्हणेल? उभा जन्म ती त्यांच्याशी पंख्याच्या वेगावरून भांडली.”

“बाबांनी पाहिला तो भाग?”

“तीनदा.”

“रागावले?”

“नाही. आता भेटायला येईल त्याला सांगतात, ही जाताना असं म्हणाली म्हणून.”

“ते मी लिहिलंय, हे माहीत आहे ना त्यांना?”

“सुरुवातीला होतं.”

“मग ते असं सांगतात तेव्हा तू काय करतेस?”

“मी चहा टाकायला उठते.”

“ताई, मी सांगू का त्यांना खरं काय ते?”

“आता कशी सांगशील? परवा मला विचारत होते, तू तेव्हा खोलीतच होतीस ना, तूही ऐकलंस ना?”

“मग?”

“हो म्हटलं.”