बू वागिनेमची शेवटची ओळ

...छापलं ना तिचं, छापू दे की! मी काय जळतोय थोडाच? पण तुम्हीच सांगा, अकरा वर्षं मी त्या मासिकाला लिहून पाठवतोय, अकरा! शाळेत मास्तर होतो तेव्हापासून! अख्ख्या मलांग शहरात माझ्याइतके 'साभार परत' कुणी गोळा केले असतील तर आणा त्याला समोर, मी सारोंग कमरेला खोचून नाचतो... बरं, नाचत नाही, गुडघे दुखतात.

तर यंदा मासिकानं जाहीर केलं, तुकडे पाठवा. गोष्ट नको, कविता नको, तीन-चार ओळींचे नुसते तुकडे. म्हटलं, गुनार्तो, आली तुझी वेळ! तीन महिने नऊ तुकडे घासले हो! एक तर इतका घासला की उरलं काय, 'चंद्र. चहा. मी.' बायको म्हणते, "साखर राहिली." आता हिला काय सांगायचं?

आणि नेमकी तेव्हाच आली बू वागिनेम. बू म्हणजे बाई, तशी ती मला पाक म्हणते, म्हणजे राव. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडीवर पेचेल विकते, उकडलेला पाला, वर शेंगदाण्याची चटणी, माझी रोजची सकाळ तिथंच. हातात पुड्या बांधायचे चार कागद, मागं पेन्सिलीनं खरडलेलं.

"पाक गुनार्तो, तुमच्याकडं कॉम्प्युटर आहे, माझंही द्याल का पाठवून? नवरा गेल्यापासून लिहिते काहीबाही. हसू नका हं."

मी हसायच्या तयारीनंच वाचायला घेतलं, आणि...

'त्याच्या चपला अजून दाराबाहेर असतात. पाऊस आला की मी त्या आत घेते. तो गेला हे मला ठाऊक आहे. चपलांना कोण सांगणार?'

अहो, पुन्हा मोठ्यानं वाचलं मी! शेजारून बायको डोळे पुसत विचारते, "कुणी लिहिलंय हो?" तीस वर्षांत माझं वाचून हिला फक्त जांभया आल्या! म्हणजे पाणी तेव्हाही यायचं डोळ्यांत, पण ते जांभयांचं! तरी मी जळलो नाही.

फक्त टाइप करताना ती शेवटची ओळ राहिली. चुकून. म्हणजे... तसं अगदी चुकून नाही. चला, सांगूनच टाकतो, मुद्दाम गाळली! मन लावून गाळली!

दोन महिन्यांनी उत्तर आलं. माझं? "आपले तुकडे आमच्या अंकात बसत नाहीत." चंद्र बसत नाही यांच्या अंकात! आणि तिचं पहिल्या पानावर, खाली संपादक नाकातून बोलल्यासारखे लिहितात, "'तो गेला हे मला ठाऊक आहे', बस्स, इथं वागिनेमबाई थांबल्या! शेवटची ओळ न लिहिण्याचं केवढं हे धाडस!" अहो, धाडस कुणाचं? माझं! पण सांगू कुणाला? आणि काय तोंडानं?

तिनं ते पान गाडीवर टांगलं. सायकलरिक्षावाले मोठ्यानं वाचायचे, मग खाता खाता आपल्याच चपलांकडं बघायचे. चार दिवस मी पेचेल न खाता लांबूनच वळून गेलो. पाचव्या दिवशी म्हटलं, "बू, ती शेवटची ओळ... मी खाल्ली."

ती शेंगदाणे वाटत होती. वर बघेल तर! "ठाऊक आहे."

"ठाऊक? मग बोलला का नाहीत?"

"आधी आला राग. म्हटलं, मास्तरांच्या चटणीत उद्या वीस मिरच्या वाटाव्यात. मग दुपारी गाडीवर कुणी नव्हतं, पुन्हा वाचलं." तिनं वाटलेले शेंगदाणे बाजूला सारले. "राहिलं ते बरं झालं, पाक. चपलांना मी अजून सांगितलेलं नाहीच."

मी ताटली पुढ्यात ओढून खाल्लं. वीस नसतील, पण मिरच्या होत्या.

उठताना तिनं हातात कागद कोंबले, चांगले बारा! "हे घ्या, पुढचे. काय कापायचं ते तुम्हीच बघा, तुमचा हात चांगला आहे."

म्हणजे अकरा वर्षं घासून साहित्यात मला जागा मिळाली ती न्हाव्याची! बरं, तीही मान्य. कालपासून बारा कागद पुढ्यात घेऊन बसलोय... आणि तुम्हाला सांगतो, मेलीनं कापण्यासारखी एक ओळ लिहिली असेल तर शपथ!