उलट्या दातांचा पट्टा

हसू नका, पण आमच्या ह्यांचं आरायंत्र कॉम्प्युटरवाल्यानं सुरू करून दिलंय. हडपसरच्या एका बाईंकडे ट्रॉलीवरचं यंत्र नेलं होतं. करवतीचा पट्टा कोरा करकरीत, आणि सागाचा ओंडका कापायचा सोडून नुसता धूर! बाई म्हणाल्या, "अहो, मला दारं हवीत, कोळसा नको."

ह्यांना घाम फुटला. माझा भाऊ खराडीत बसून दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर फोनवरून सुधारतो. दुसरं कोणी सुचेना, म्हणून मी त्यालाच फोन लावला. ह्यांचे हात ग्रीसनं भरलेले, म्हणून फोन ह्यांच्या कानाला मीच धरला.

"दाजी, एकदा बंद करून परत चालू करा."

"आरं, हा काय कॉम्प्युटर हाय?"

पण वैतागून यंत्र केलं बंद. पट्टा थांबला, तेव्हा दिसलं की सगळे दात उलट्या दिशेला! सदरा उलटा घालावा तसा पट्टा ह्यांनीच आतला बाहेर करून चढवला होता. सुलटा बसवल्यावर सर्रकन फळी निघाली, आणि बाईसुद्धा हसल्या.

तेवढ्यात भावाचा परत फोन आला. मी पुन्हा ह्यांच्या कानाला धरला.

"झालं का, दाजी? आणखी काही मदत?"

"झालं बाबा," हे हळूच म्हणाले. "फक्त तुझ्या ताईला सांगू नको."