अंड्यांची राखण

अगं, तुम्हाला म्हणून सांगते, आमच्या मन्यानं, माझ्या लेकानं, घरात अंडी उबवायचं मशीन आणलंय आणि माझा नुसता जीव खाल्लाय! परवा लाईट गेली. लगेच शहराच्या दुसऱ्या टोकाहून, सॉल्ट लेकच्या हापिसातून, याचा फोन. "आई, अंडी गार पडली तर पिल्लं मरतील गं!"

गेल्या महिन्यात मी तापानं फणफणले होते, तेव्हा याला फोन करायला सवड नव्हती. मशीन मी केव्हाच गोधडीत गुंडाळलं होतं, पण म्हटलं, "घाबरू नको, मीच बसलेय अंड्यांवर."

हसेल की नाही मेला? ओरडला, "सगळा भार टाकू नकोस, मी निघालो!"

खरंच टॅक्सी करून आला. मी दार उघडलं, तर माझ्यावरच खेकसला, "तू उठलीस कशाला?"