एका मुक्कामाचा पत्ता

— हो, सगळी याच घरात. तुम्ही बसा अगोदर, साहेब. त्या खुर्चीवर नका बसू, तिचा मागचा पाय भरवशाचा नाही, इकडे दिवाणावर बसा. तुमच्या शाळेच्या कागदावर या पत्त्याची जेवढी पोरं हायेत, तेवढी सगळी याच घरची. खोल्या दोनच हायेत, ते मलेही दिसते, मीच बांधल्या. आता तुम्ही म्हणाल, दोन खोल्यांत एवढी पोरं झोपतात कशी — झोपतात. पोरं लहान असतात. मी जन्मभर इतवारीत ठेला ओढला, गांधीबागेतून कापडाच्या गाठी आणाच्या. ठेल्यावर किती मावते हे पाहणाऱ्याले नाही समजत, लादणाऱ्याले समजते. पुरावा? हाये ना. मोरीकडे पाहा. खाली नाही, वर, त्या पट्टीवर. ब्रश. एकेका पोराचा एकेक. दांड्याले रंगीत दोरे बांधले, काहून का नावं मले लिहिता येत नाहीत, सही तेवढी येते. लाल दोरा मेघाचा, हिरवा त्या छत्तीसगडच्या जुळ्यांतल्या मोठ्याचा — नवे दिसतात? दिसत असतीन. पोरं दात कमी घासतात.

पाणी घ्या. माठातलं हाये. अन् एक लिहून घ्या, कामिनीबाईनं मले काही सांगितलं नाही. तुम्ही विचारलं नाही, ते बरोबर, पण विचारणार होते, म्हणून सांगून ठेवलं. कामिनीबाई म्हणजे आपल्या शाळेची हेडबाई, ते तुम्हाले माहीत असंनच. तिनं माझं लाइटबिल मागितलं नाही. ती फक्त शाळेच्या फाटकापाशी उभी राहून एवढंच म्हणली का कोण्या घरमालकानं बिल दिलं असतं तं या पोरांचं भलं झालं असतं. आता हे तं कोणीही म्हणते. हवेत म्हणली. मी तिथून भाजी घेऊन जाऊन राहिलो होतो, माझ्या कानावर पडलं. बस. तिचं नाव कुठं येऊ देऊ नका, तिची नोकरी अजून खूप बाकी हाये.

तुम्ही या भागात नवे दिसता. इथं पहिले शेतं होती. शाळा दोन खोल्यांची, अन् बाई घरोघर फिरून पोरं गोळा कराची — याले पाठव वं, त्याले पाठव गा. पोरं नव्हती. मंग अमरावती रोडनं गोडाऊनं आली, गोडाऊनमागं ट्रक आले, ट्रकमागं माणसं, अन् माणसांमागं पोरं येतातच, त्याले काही इलाज नाही. आता पाहा तुम्ही, शाळा दोन पाळ्यांत भरते. चौथी समाजमंदिरात बसते, पहिली बाईच्या हापिसात, अन् बाईचा टेबल जिन्याखाली. वाकून बसते बिचारी. तरी लोकं तिथंच येतात, काहून का तिथं पोरगं वाचाले शिकते. मंग तुमच्याकडून नियम आला, का जागा कमी, आता हद्दीतलेच घ्या, पत्त्याचा कागद दाखवा. नियम चांगला हाये. मी नियमाले नावं नाही ठेवत. पण भाड्याच्या खोलीचा मालक कागद देत नाही, साहेब. कागद दिला का टॅक्स लागते. अन् रस्त्यापलीकडची भाड्याच्या खोल्यांची लाइन तं तुमच्या हद्दीतच येत नाही. म्हणजे पोरगं ट्रकमागं आलं, पण कागदावर कुठंच आलं नाही.

मंग ते कुठं जाते? — मायसंग गोडाऊनमध्ये. दिवसभर पोत्यांवर खेळते. ड्रायव्हर ट्रक मागं घेते, त्याले आरशात पोतं दिसते, पोरगं नाही दिसत. मागच्या उन्हाळ्यात एकाचा पाय गेला. चांगलं पोरगं होतं, शिटी वाजवाचं. त्याचं नाव शाळेत नव्हतं लागलं. तो माझ्या पत्त्यावर नव्हता, म्हणजे तेव्हा माझ्या पत्त्यावर कोणीच नव्हतं. बिल घरात पडूनच होतं, बरणीखाली. मी ते बरणीखालून काढलं.

नाही, ठेवा पेन खाली थोडं. तुम्ही म्हणाल म्हातारा खोटं बोलून राहिला. मी खोटं नाही बोललो. बिलासंग घरमालकाच्या सहीचा हमीचा कागद लागते, त्याच्यावर लिहून राहते का हे पोरगं माझ्या घरी राहते — बाईनं वाचून दाखवलं, हळू आवाजात. मी म्हटलं, बाई, सही मले इंदूबाईनं शिकवली. इंदूबाई माझी घरवाली. ते म्हणाची, सही म्हणजे आपलं तोंड, जिथं तिथं नको उघडू. मंग मी यावर कशी करू? मी घरी आलो, इचार केला, अन् दुसऱ्या दिवशी मेघाच्या बापाले म्हटलं, अगोदर राहाले या, मंग सही घ्या. तो हसला. म्हणे, बाबाजी, गंमत करता का गा. म्हटलं, नाही. एक मुक्काम करा. सगळे या, तू, तुझी बायको, पोरगी. जेवा, झोपा, सकाळी न्हा, अन् मंग मी सही करतो. तेव्हापासून तेच चालू हाये. राहिल्याशिवाय मी कोणाले सही देत नाही. विचारा कोणालेही. नका विचारू, घाबरतीन. पण खरं हाये.

मेघाची माय जयवंता. तिनं आल्या आल्या तवा पाहिला. म्हणे, बाबाजी, तव्याले गंज चढला. म्हटलं, चढतेच, इंदूबाई गेल्यापासून त्याच्यावर भाकर कोणी टाकली. मी तं चहा-पाव खातो, पोराचा फोन आला का वरण-भात खाल्ला म्हणून सांगतो. पोरगा पुण्याले हाये, चांगला हाये. तिनं तवा घासला, भाकरी टाकल्या, मिरचीचा ठेचा केला. पोरगी सकाळी अंगणात दात घासता घासता विचारते, आजोबा, आता मी इथली झाली का? म्हटलं, झाली वं. मंग सही केली. चांगली आली सही त्या दिवशी.

जुळ्यांच्या मायनं तांदळाच्या पिठाचे चिले केले. एका बिहारवाल्यानं सत्तूचं काहीतरी केलं, निखाऱ्यावर, इथंच दारात. डबे उघडून पाहा, कोणी हळद ठेवून गेलं, कोणी लोणचं. मी मागितलं नाही.

हो, मेघाचे लोकं तीनदा राहून गेले. तुम्हाले कोणी सांगितलं? शेजारच्यांनी — बरं. कागदात कमी काही नव्हतं. सही झाली होती. मीच म्हटलं, जयवंता, मले ते सही बराबर वाटून नाही राहिली, अजून एक मुक्काम करा. ते समजली असंन. बायकांले समजते. पीठ घेऊन आली. अन् ते ब्रश — ते लोकं विसरून नाही गेले. नेऊन राहिले होते. मीच म्हटलं, राहू द्या, साहेब तपासाले येतीन. तुमचं नाव घेतलं मी. तेव्हा तुमचा काही पत्ता नव्हता, पण आले तुम्ही.

लिहून राहिले का? लिहा. तुमचं काम हाये. नावं काटाची असतीन तं तुम्ही काटसाल, मी काही तुमचा हात नाही धरत. पण एक इचारतो, खरं लिहाचं का खोटं? खरं लिहाचं असंन तं असं लिहा का सगळी पोरं या घरात राहून गेली, जेवली, झोपली, न्हायली. एक सोडून. तुमच्या कागदावर शेवटचं नाव पाहा. प्रशिक. तेवढं एक खोटं हाये. त्याच्या बापाची ड्युटी रातची, मेळच नाही बसला, अन् बाई म्हणली नाव लावाची मुदत आजच संपते. म्हणजे बाई नाही म्हणली, हवेत म्हणली. मी सही करून देली. न राहिलेल्या पोरावर. तेव्हापासून साहेब, भाकर खाल्ली तरी तोंडाले चव नाही. इंदूबाईच्या फोटोकडे पाठ करून जेवतो.

आज सुट्टी हाये त्याच्या बापाले. आज येऊन राहिले ते. ब्रश आणून ठेवला, पाहा, पाकिटातच हाये अजून. निळा दोरा काढून ठेवला.

तं आजच्या दिवस नका लिहू. बाकीचं काय लिहाचं ते उद्या लिहा, मले काटा, बिल घेऊन जा, केस करा. पण त्या पोराच्या नावापुढं आज खोटं लिहाल तं ते जन्मभर खोटंच राहीन, अन् उद्या सकाळी ते खरं होऊन राहिलं. एका रातीनं तुमच्या हापिसाचं काय अडते.

पेनाले टोपण लावलं? बरं.

चहा तं घ्या. नाही? मंग जा तुम्ही, साहेब. मले मेथी आणाची हाये, ते निवडाची हाये, दिवाणाखालची गादी उन्हात टाकाची हाये. फाटक ओढून घ्या, कुत्रं शिरते. अन् उद्या लवकर या. ब्रश ओला असंन तवरच.