तीन राण्या आणि तिसरं बदाम

(दुपार कलली आहे. सून कामावरून नुकतीच परतली आहे, अंगात ग्रीसचे डाग पडलेला शर्ट तसाच. सासू लॅपटॉप मिटून त्याच्यासमोर बसलेली.)

सून : तुम्ही कशाला मनाला लावून घेता, आई? नेट गेलं, त्यात तुमचा काय दोष? मी त्या ऑनलाइन पोकरच्या स्पर्धावाल्यांना आत्ताच्या आत्ता लिहिते. शेवटचे सहाजण उरलेत आणि माणूस असा बाहेर पडतो म्हणजे काय?

सासू : तू आधी हातपाय धू. चेहरा बघ कसा झालाय.

सून : धुते. आधी राउटर बघू दे. एकही दिवा लागलेला नाही याचा. अहो, याची पिनच बाहेर आहे.

सासू : निघाली असेल.

सून : अशी कशी निघेल? कपाटाच्या मागे हात घातल्याशिवाय ती हाताला लागतसुद्धा नाही. झाडलोट करणाऱ्या मावशींचा झाडू लागला असणार.

सासू : तिला नको मध्ये आणू. ती आज आलीच नाही.

सून : मग?

सासू : मी काढली.

सून : चुकून?

सासू : नाही. गुडघे टेकून, हात आत घालून, ओढून काढली. सगळं होऊन गेल्यावर.

सून : सगळं म्हणजे काय? आणि गुडघे टेकून? गुडघ्याच्या ऑपरेशनला अजून वर्ष नाही झालं. डॉक्टर काय म्हणालेत?

सासू : गुडघ्याचं राहू दे. नेट गेलं नव्हतं. तुला फोनवर सांगितलं तेव्हा ते व्यवस्थित चालू होतं. मी हरले. मग बसल्या बसल्या विचार केला की तुला काय सांगू, आणि उठून पिन काढली.

सून : हरलात कशा? मी तुम्हाला खेळायला बसवलंच नव्हतं. मी जाताना काय सांगितलं होतं?

सासू : पत्ते आले की टाकायचे, डाव सोडून द्यायचा. एक्के आले तरी टाकायचे. दुसरं काही दाबायचं नाही.

सून : बस. एवढंच होतं. माझ्याकडे चिप्सचा दोन नंबरचा ढीग होता. दोघांच्या पुढ्यात तर काहीच उरलं नव्हतं, ते आज ना उद्या गळणार होतेच. पहिल्या चौघांना समोरासमोरच्या फेरीला बोलावणार होते. तुम्ही पत्ते टाकत नुसत्या बसला असतात तरी मी गेले असते, आई.

सासू : माहीत होतं मला. तेच तर सांगते आहे. माहीत नसतं तर पिन काढली नसती.

सून : सांगा काय झालं ते. सगळं सांगा.

सासू : तुला कामाचा फोन आला आणि तू अडकलेली लिफ्ट उघडायला गेलीस. मी शहाण्यासारखी पत्ते टाकत होते. तो एक खेळणारा आहे ना, वाघोबा नावाचा, तो मध्ये मध्ये पडद्यावर लिहायला लागला. काय ताई, डुलकी लागली का? मी टाकले. ताई घाबरल्या वाटतं. मी परत टाकले. मग लिहिलं, ताईंना कोणीतरी उठवा, नाहीतर खुर्ची रिकामी करा म्हणावं.

सून : तो सगळ्यांनाच तसं लिहितो. माणूस चिडला की चुकतो, म्हणून लिहितो. मी तुम्हाला दाखवलं होतं एकदा.

सासू : दाखवलं होतंस. पण मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजात कानाला हेडफोन लावून बसले. लाइन लागली नाही की पुरुष काय वाटेल ते बोलायचे, आणि आपण म्हणायचं, थांबा साहेब, जोडते. उलट एक शब्द काढायची सोय नव्हती. आज म्हटलं, याचं तोंड बंद करते.

सून : पत्ते काय होते?

सासू : दोन राण्या. इस्पिक आणि किलवर. तरी मी टाकणार होते. बोट तिथपर्यंत गेलंही होतं.

सून : मग टाकले का नाहीत?

सासू : तेवढ्यात त्याने जांभईचं चित्र पाठवलं. मी चिप्स लावले. त्यानेही तेवढेच लावले, बाकीच्यांनी पत्ते टाकले. मध्ये तीन पत्ते उघडले. चौकटची राणी, बदामची नव्वी, बदामची अठ्ठी.

सून : तीन राण्या झाल्या तुमच्या.

सासू : तीन राण्या. मी आणखी लावले, तो तेवढ्यावर आला. चौथा पत्ता पडला, बदामची तिर्री.

सून : तिसरं बदाम.

सासू : हं.

सून : आणि त्याने लावले.

सासू : चांगले घसघशीत.

सून : इतका वेळ नुसता मागून येणारा माणूस तिसरं बदाम पडल्यावर एकदम पुढे होतो. का होतो, आई?

सासू : हातात दोन बदामं असतात म्हणून. पाच बदामं जमली की तीन राण्या हरतात.

सून : म्हणजे कळलं होतं तुम्हाला.

सासू : शिकवलंस तूच, मग कळणार नाही? तूच म्हणायचीस, मोठा पत्ता हातात आला की माणूस दुसऱ्याकडे बघायचं विसरतो. मी विसरले नाही. मी त्याच्याकडे बघितलं, मला दिसलं, आणि तरी म्हटलं की तीन राण्या आहेत माझ्या, त्या मी का टाकू? सगळा ढीग पुढे ढकलला. एक बटण तर दाबायचं असतं. बोट लावलं आणि झालं.

सून : त्याच्याकडे बदामंच होती.

सासू : गुलाम आणि सत्ती. शेवटचा पत्ता किलवरची पंजी. मग पडद्यावर तुझं नाव आलं आणि खाली लिहून आलं, आपला खेळ संपला. तुझं नाव, बाळा. माझं नाही.

सून : मी त्या वेळी लिफ्टच्या खड्ड्यात उभी होते. आत एक आजोबा अडकले होते. त्यांना धीर देता देता मनात हाच हिशेब चालला होता माझा, की एव्हाना ते दोघे गळले असतील. आजोबा आतून म्हणाले, बाई, तुमचं लक्ष आहे ना? लाज वाटली मला.

सासू : सुटले ना ते?

सून : सुटले. आणि तुम्हाला माझ्या जागी बसवणं नियमात बसत नव्हतं, ती चूक माझीच. पण खरं सांगू? मला त्या फेरीला जायचं होतं. बक्षिसाचं सोडा. कामाच्या साइटवर मला कोणी विचारत नाही, लिफ्टवाली वहिनी म्हणून हाक मारतात आणि पाना हातात देतात. एकदा एका टेबलाशी बसायचं होतं, जिथे समोरचा माझ्या हाताकडे बघून विचारात पडेल.

सासू : तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी आळीभर सांगत फिरले, सून पत्ते कुटते म्हणून. तुझ्या कानावर आलंच असेल.

सून : आलं होतं.

सासू : कधी बोलली नाहीस.

सून : काय बोलणार? नंतर तुम्हीच खुर्ची ओढून शेजारी बसायला लागलात.

सासू : गुडघ्याने घरात बसवलं, म्हणून बसले. पण मग वाट बघायला लागले तू येण्याची. आज तू म्हणालीस, आई, तुम्ही बसा, तेव्हा मला वाटलं होतं... जाऊ दे. एक अजून सांगायचं राहिलंय. वाघोबाला चिडून मी खेळले, हे अर्धंच खरं आहे.

सून : मग अर्धं काय?

सासू : मला वाटलं, तू दारातून येशील आणि मी म्हणेन, बघ, तुझ्यासाठी जिंकून ठेवलंय. माझ्या लेकालाही ऐकवेन, माझ्यामुळे तुझी बायको फेरीला चालली. तुझं तुला मिळणारच होतं. मला ते माझ्या हातून मिळालेलं हवं होतं.

सून : हे तुम्ही नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

सासू : नसतं चाललं. तू त्या लोकांना खरमरीत लिहायला निघाली होतीस.

सून : आज रात्री ह्यांना मी काही सांगणार नाही.

सासू : नको सांगूस. मी सांगते. जेवायच्या आधी सांगते, नाहीतर घास उतरणार नाही.

सून : आणि आई, मी आता ठीक आहे, होतं असं, वगैरे म्हणणार नाही. मला फार राग आलाय. उद्याही असेल बहुतेक.

सासू : असू दे.

सून : मी थोडा वेळ आत जाते. तुम्ही उठू नका, गुडघा बघा कसा सुजलाय. बर्फ आणून देते.

सासू : आधी राग राग करून घे. बर्फाचं माझं मी बघते.